मिशिगनचे मीठ

डेट्रॉइट शहराचे नाव उच्चारताच मोटारगाड्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. हेन्री फोर्ड यांनी १९१३ साली या शहराला लागूनच असलेल्या हायलंड पार्क येथील कारखान्यात चालत्या पट्ट्यावर मोटारी जोडण्यास प्रारंभ केला, आणि सामान्य माणसाच्या दारी गाडी येऊ लागली. परंतु या शहराच्या पोटात आणखी एक वस्तू दडलेली आहे, आणि तिची कल्पना फार थोड्या प्रवाशांना असते. ती वस्तू म्हणजे मीठ. कोट्यवधी वर्षांपूर्वी आटून गेलेल्या समुद्राचे हे मीठ जमिनीखाली अकराशे फुटांहून अधिक खोलीवर खडकासारखे घट्ट होऊन पसरले आहे. १९१० साली खाणीचा उभा बोगदा पुरा झाला आणि ते वर येऊ लागले. आपल्या पेडण्याच्या आगरवाड्यास मीठ उन्हाने पिकते. तेथे ते सुरुंग लावून फोडावे लागते.

हे मीठ रस्त्यांवर टाकण्यासाठी आहे. शुद्ध पाणी शून्य अंशावर गोठते. त्यात मीठ विरघळले की गोठण्यास अधिक थंडी लागते. उणे नऊ-दहा अंशांपर्यंत मिठाचा उपयोग चांगला होतो. त्याखाली मात्र त्याचा प्रभाव मंदावतो व पकड यावी म्हणून वाळू पसरावी लागते. १९४० च्या दशकापासून अमेरिकेच्या थंड प्रांतांत हा रिवाज पसरत गेला. त्यामुळे किती माणसे सुखरूप घरी पोहोचली असतील, याचा हिशेब कोण ठेवणार?

तथापि प्रत्येक सोयीची किंमत कोणीतरी मोजीत असतो. २०१९ च्या मार्च महिन्यात मी डेट्रॉइटहून उत्तरेस निघालो, तेव्हा हे विशेष जाणवले. सुमारे शंभर किलोमीटरांवर फ्लिंट हे गाव लागते. २०१४ च्या एप्रिलमध्ये तेथील नळांना फ्लिंट नदीचे पाणी जोडले गेले. त्या पाण्यात क्लोराइड, म्हणजे मिठातील एक अंश, अधिक होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात तेथील मोटार-इंजिनांच्या कारखान्याने ते पाणी घेणे बंद केले, कारण सुट्या भागांवर गंज चढू लागला होता. गावकऱ्यांच्या नळांना मात्र तेच पाणी पुढे वर्षभर येत राहिले, आणि नळांतील शिसे त्यांच्या पेल्यांत उतरत राहिले. लोखंडाची तक्रार ऐकली गेली. आयांची तक्रार ऐकण्यास विलंब लागला. तो रस्ता ओलांडताना मन जड होते.

माझा मुक्काम गेलॉर्डच्या धर्मप्रांतातील एका लहान खेड्यात होता. सेमिनरीतील माझे एक सहाध्यायी तेथे धर्मगुरू आहेत. पश्चिमेचा वारा मिशिगन सरोवरावरून ओल घेऊन येतो आणि त्या उंच भूमीवर हिमाच्या रूपाने ओततो. एका हिवाळ्यात दहा फुटांहून अधिक हिम पडते. चर्चच्या मालकीचा एक जुना, चारही चाकांना जोर मिळणारा ट्रक होता. त्याच्या पुढे हिम सारण्याचे रुंद पाते बसविलेले. त्या ट्रकाने चर्चचे अंगण मोकळे होई, आणि एका वृद्ध गृहस्थाच्या घराची वाटही. त्या गृहस्थास आठवड्यातून तीन वेळा रक्तशुद्धीकरणासाठी शहरातील इस्पितळात जावे लागे. सोमवारी ट्रकाच्या पुढच्या एक्सलचा क्रॉस तुटला. बुधवारी रात्री पुन्हा हिम पडणार, असे हवामानखात्याने कळविले होते. गुरुवारची पाळी चुकविणे त्या गृहस्थास परवडणारे नव्हते.

मंगळवारी सकाळी धर्मग्रामातीलच एक साठीचे मेकॅनिक हाताखालच्या तरुणास घेऊन आले. ट्रकाचा पुढील भाग जॅकने उचलून त्यांनी दोन्ही बाजूंस भक्कम घोड्या लावल्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणे म्हणजे मरणाशी खेळ, असे त्यांनी तरुणास बजावले. चाक काढले, ब्रेकचा कॅलिपर सोडून तारेने टांगला, म्हणजे रबरी नळीवर ताण येऊ नये. डिस्क उतरली, हबचे झाकण व आतील सर्क्लिप निघाली, सेन्सरची तार बाजूस केली, मागील चार नट सैल झाले. आता हब हातात यावयास हवा होता. पण तो तसूभरही हलला नाही.

कारण सांगण्यासारखे आहे. गंज चढलेले लोखंड मूळच्या लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापते. दोन भाग एकमेकांत घट्ट बसविलेले असले की मधल्या केसाएवढ्या फटीत गंज फुगतो आणि पाचरीसारखा दोहोंना जखडून टाकतो. मिठाचे पाणी हे काम वेगाने करते.

तरुणाने मोठा हातोडा उचलला. मेकॅनिकने त्याचा हात धरला. “अरे, दांड्याच्या तोंडावर मारशील तर तो आतच जाईल आणि दाते चेपतील. आपल्याला तो बाहेर काढावयाचा आहे.” त्यांनी सांध्यावर गंज सोडविणारे तेल सोडले, हलके हलके ठोकून ते आत जिरू दिले, आणि ते रात्रभर तसेच ठेवले. जाळाचा उपाय त्यांनी टाळला. तेल पेट घेते, आणि बेअरिंगचे सील जळतात.

बुधवारी त्यांनी एक नट बोल्टच्या टोकापर्यंत परत फिरविला व तो आणि एक्सल यांमध्ये लोखंडी ठोकळा ठेवला. सर्वांना दूर करून त्यांनी स्वतः खिडकीतून हात घालून इंजिन चालू केले आणि स्टिअरिंग अगदी सावकाश फिरविले. जो जोर एरवी चाके वळवितो, तोच आता ठोकळ्यावरून हबला बाहेर रेटू लागला. मग समोरचा बोल्ट, मग उरलेले, असे आळीपाळीने. तिसऱ्या फेरीस बंदुकीसारखा आवाज होऊन हब सुटला.

तरीही एक्सलचा दांडा निघेना. त्याच्या बाहेरील सीलची लोखंडी कडा नकलच्या भोकात गंजून बसली होती. तारेच्या ब्रशाने कडा मोकळी केली, आणि बोथट छिन्नीने चोहोबाजूंनी एकेक हलका टोला देत दांडा अर्धा फेरा फिरविला. पुन्हा टोले, पुन्हा अर्धा फेरा. सुमारे तासाभराने कडा हलली. मग सांध्याला साखळी अडकवून, सरळ रेषेत ओढणाऱ्या सरकत्या हातोड्याने दांडा बाहेर आला. शेवटी त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलून धरला, कारण तो खाली झुकला असता तर आतील तेलाचे सील फाटले असते.

नवा क्रॉस व नवे सील बसले. भोक घासून चकचकीत केले आणि पुन्हा जखडू नये म्हणून विशेष ग्रीसचा पातळ लेप दिला. संध्याकाळी पहिले हिमकण पडू लागले तेव्हा ट्रक चर्चच्या अंगणात उभा होता. गुरुवारी पहाटे त्या वृद्धाच्या घरची वाट मोकळी झाली व ते वेळेवर इस्पितळात पोहोचले.

वाचकहो, आपल्याकडे हिम नाही, परंतु खारा वारा आहे. गोव्याच्या किनाऱ्यावर, खाजनांच्या बांधांवर, रेतीत उतरणाऱ्या जीपगाड्यांच्या व ट्रॅक्टरांच्या पोटाशी हेच मीठ बसते. गाडी किनाऱ्यावरून आली की तिचा खालचा भाग गोड्या पाण्याने धुवावा. हब व सांधे उघडण्याचा प्रसंग आला तर जोडताना ग्रीसचा लेप विसरू नये. काही जखडलेच तर प्रथम ते कोठे व कशाने धरले आहे हे पहावे, आणि मगच हातोड्यास हात घालावा. मिशिगनमधील त्या मेकॅनिकने दीड दिवस घेतला, म्हणून ट्रक वाचला. घाईने नकल फुटती, तर गुरुवार निश्चितच हुकला असता.