लाकडी माशाचा रंग

मासेमारी म्हटली की निपाणीच्या मुलांच्या डोळ्यांसमोर वेदगंगेचा काठ, काठीला बांधलेली दोरी आणि गळाला लावलेले गांडूळ एवढेच उभे राहते. त्यात त्यांचा दोष नाही. समुद्र येथून दूर, आणि मध्ये सह्याद्री आडवा. तेव्हा गेल्या दिवाळीच्या सुटीत मी लाकडाचे चार मासे रंगवीत बसलो होतो हे कळताच वर्गात जो हशा पिकला, तो मी मनाला लावून घेतला नाही. मास्तर खेळणी करू लागले, ही वार्ता मधल्या सुटीपर्यंत शाळाभर झाली होती.

ती खेळणी नव्हती. माझे मामा तेरेखोलच्या खाडीकाठी राहतात. त्या खाडीत चणक सापडतो. मराठी मुलखात त्यालाच जिताडा म्हणतात. पळत्या भक्ष्यावर झडप घालणारा हा मासा. त्याला फसविण्यासाठी मामा स्वतःच्या हातांनी पांगाऱ्याचा खोटा मासा कोरतात. पांगारा वजनाला हलका आणि कोरायला मऊ. सावंतवाडीच्या चितारआळीतील रंगीत खेळणीही पूर्वापार याच लाकडाची. पोटात शिशाचा तुकडा बसविला म्हणजे मासा पाण्यात कलंडत नाही. जवसाचे तेल नीट मुरले नाही, तर खारे पाणी आत शिरते, लाकूड फुगते आणि वरचा रंग तडकतो. हे सारे मामा बोटांच्या अंदाजाने अजूनही करीत. रंग मात्र जमेना. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि मुलांनी त्यांचे खाडीवर जाणेच बंद केले होते. चार कोरे मासे त्यांनी माझ्याकडे पाठविले तेव्हा, ‘भाच्याने रंगविलेले मासे पाण्यात घालून पाहिलेच पाहिजेत’ एवढे निमित्त म्हातारा शोधीत आहे, हे माझ्या ध्यानात आले नाही.

मी बेळगावला जाऊन रंग आणले. खडेबाजारात नखांना लावायचा तांबडा रंगही घेतला. तो पाण्याला चांगला टिकतो असे कोणीसे सांगितले होते. दुकानदाराने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले तिचे वर्णन शालेय अंकात नको! तीन मासे मी मन लावून रंगविले : एक लाल-सोनेरी, एक मोरपंखी, एक केशरी ठिपक्यांचा. चौथ्यापर्यंत उत्साह आणि सुटी दोन्ही संपत आली. त्याची पाठ काळपट हिरवी केली, पोट पांढरे ठेवले आणि कुशीला चॉकलेटची चंदेरी चांदी चिकटवून वर व्हार्निश दिले.

आंबोलीचा घाट उतरून मी मामांकडे पोचलो तो तिन्हीसांजेला. त्यांनी लाल मासा डोळ्यांजवळ नेला, दूर धरला, पुन्हा जवळ आणला.

‘‘हें कोणाखातीर रंगयलें? नुस्त्याखातीर काय लोकांखातीर?’’

मी गप्प राहिलो. मग ते म्हणाले, परसातली जास्वंद बघ. मी पाहिले. दुपारी झळझळणारी फुले काळी पडली होती आणि पाने अजून ओळखू येत होती. चणक याच वेळी भक्ष्याला निघतो. शिवाय तो खालून वर पाहतो. पाठ तू पाहतोस, पोट तो पाहतो. खाडीतला शेवटो असाच तर असतो, असे म्हणत त्यांनी चौथा मासा उचलला. एवढी मेहनत घेतलेले तिघे बाजूला पडलेले पाहून मला वाईट वाटले, हे लपवीत नाही.

भरतीच्या वेळी माझ्या खांद्यावर हात ठेवून मामा काठावर आले. मुलगे काही बोलले नाहीत; पाहुण्यासमोर काय बोलणार? कितीतरी वेळ काहीच झाले नाही. मग दोरी एकदम ताठ झाली, पाणी फुटल्यासारखा आवाज आला, आणि तितक्यातच ती सैल पडली. वर ओढून पाहतो तो गळ वाकून सरळ झालेला. मासा गेला होता. मामा मात्र घरी येईपर्यंत बोलत होते. इतके बोलताना मी त्यांना वर्षभरात ऐकले नव्हते.

२८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, आमच्या विज्ञानशिक्षकांनी चंद्रशेखर वेंकट रामन यांची हकीकत सांगितली. १९२१ साली युरोपहून ‘नारकुंडा’ जहाजाने परतताना भूमध्य समुद्राची निळाई पाहून, हे केवळ आकाशाचे प्रतिबिंब नव्हे, असे त्यांच्या मनाने घेतले. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, हे त्यांनी दाखविले. पाणी तांबडा प्रकाश सर्वांत आधी गिळते, म्हणून थोड्या खोलीवर लाल वस्तू काळवंडते, असेही शिक्षक बोलता बोलता म्हणाले. मुलांनी माना वळवून माझ्याकडे पाहिले. सांजवेळी जास्वंद काळवंडते त्याचे कारण निराळे, ते आपल्या डोळ्यांच्या रचनेत आहे. पण मामांना त्या वेळी दोन्ही कारणे एकाच फुलात सापडली होती.

मामांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया त्यापूर्वीच झाली होती. मे महिन्यात गेलो तेव्हा चौघे मासे ओटीवर मांडलेले. चौथ्याकडे ते बराच वेळ पाहत राहिले. ‘‘इतका कुरूप होता हा?’’ मग लाल-सोनेरी उचलून उन्हात फिरविला, हसले, आणि कालनिर्णयाच्या खिळ्याला टांगून ठेवला. चवथीपूर्वी दोन मासे आणखी पाठव, म्हणाले. पाठ काळपट, पोट पांढरे.