पाना, प्लग आणि मल्टिमीटर

नगरच्या माणसाला एसटीचा इतिहास कुणी सांगावा लागत नाही. १ जून १९४८ ला राज्यातली पहिली एसटी पुण्याहून निघाली ती नगरलाच आली. लाकडी बांधणीची तीस आसनांची बेडफोर्ड, तिकीट अडीच रुपये, चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. आमच्याकडे हे पाढ्यासारखं पाठ असतं. पुढे १ जून २०२२ ला एसटीची पहिली विजेची बस, ‘शिवाई’, निघाली. तीही पुण्याहून नगरलाच. गावाचं नाव २०२४ मध्ये सरकारी कागदावर अहिल्यानगर झालं, तोंडात मात्र अजून नगरच येतं, म्हणून इथेही तेच लिहितो.

शिवाई आली तेव्हा तिच्या गारव्याचं, आवाज न करण्याचं भरपूर कौतुक झालं. आमच्या पिढीच्या डोक्यात मात्र पहिला प्रश्न वेगळाच येतो. ही कामरगावच्या घाटात बंद पडली तर हिच्याखाली झोपणार कोण?

जुन्या लाल गाडीला हा प्रश्न नव्हता. चालक स्वतः अर्धा मिस्त्री असायचा. डिझेलच्या नळीत हवा धरली की खाली उतरून, पंपाचा नट सैल करून ती काढायचा आणि प्रवासी रस्त्याकडेला उभे राहून सल्ले द्यायचे. पाटा तुटला, नोझल गळालं, तर डेपोतून माणूस यायचा. तो माणूस आयटीआयमधून आलेला. आधी शिकाऊ उमेदवार, मग सहायक, मग कारागीर. त्याची सगळी उमेदवारी डेपोच्या खड्ड्यात, डोक्यावर टपकणाऱ्या ऑइलखाली गेलेली. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. त्या कायद्याने आणि त्या खड्ड्याने मिळून जिल्ह्यातल्या किती घरांत पहिला पगार आणला, त्याची मोजदाद कुणी केलेली नाही, करायला हवी होती.

एसटीपेक्षाही नगरला इंजिन कुणी शिकवलं असेल तर लूनाने. १९७२ साली हस्तीमल फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनीअरिंगने लूना बाजारात आणली आणि दौंड रस्त्यावरचा कारखाना गावाचा पत्ताच होऊन बसला. कायनेटिक चौक आजही त्याच नावाने ओळखला जातो. मास्तर, दूधवाला, पोस्टमन, बँकेतल्या बाई, सगळ्यांना झेपणारी ती पन्नास सीसीची गाडी. गिअर नाहीत, पायडल मारायचे आणि निघायचं. पेट्रोल संपलं तर पायडल मारतच घरी यायचं. पुढे पियूष पांडे यांनी लिहिलेल्या जाहिरातीने ती देशभर पोचली, पण नगरकरांना तिची ओळख टीव्हीवरून करून घ्यावी लागली नव्हती.

लूनाचं इंजिन दोन स्ट्रोकचं. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. ऑइल जास्त झालं की प्लग काळा होणार, सायलेन्सरमध्ये कार्बन साचणार, चढावर गाडी धापा टाकणार. कमी झालं की पिस्टन जाम. म्हणजे मालकाच्या हातून चूक होणार हे ठरलेलं, आणि त्या चुकीवर गल्लोगल्लीची गॅरेजं चालायची. आमच्या घराजवळच्या गॅरेजात एक उस्ताद होते. त्यांच्या हाताखाली तीन-चार पोरं. पहिलं वर्ष गाड्या पुसायच्या आणि चहा आणायचा. दुसऱ्या वर्षी प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा, बॉडीला टेकवून ठिणगी बघायची. निळी ठिणगी चांगली, पिवळी कमजोर. मग पॉइंट, मग कार्ब्युरेटरचं जेट, आणि सगळ्यात शेवटी हेड उघडायची परवानगी. उस्ताद सांगायचे काही नाहीत. ‘बारा-तेरा दे’ म्हटल्यावर दहा-अकराचा पाना पुढे आला तर तोच पाना पोराच्या बोटांवर बसायचा. शाळा सुटल्यावर मी तिथे नुसता उभा राहून बघायचो, आणि एवढ्यावर मला कार्ब्युरेटर उघडून पुन्हा बसवता यायला लागला होता.

त्या काळाबद्दल गहिवरून बोलायची आपल्याला सवय आहे, म्हणून दुसरी बाजूही लिहितो. ती पोरं बारा-तेरा वर्षांची असायची. हात पेट्रोलने धुवायचे, त्याने कातडी फुटायची. पगार म्हणजे दिवाळीला कपडे आणि आठवड्याचे चार पैसे. मुली त्या दुकानात फक्त गाडी दुरुस्तीला टाकायला यायच्या. ज्याला शिक्षण म्हणून आपण आज उसासे टाकतो, त्यातलं निम्मं बालमजुरीच होतं. उरलेलं निम्मं मात्र अस्सल होतं: यंत्र उघडं होतं, स्वस्त होतं, वारंवार बिघडत होतं, आणि चुकून बिघडवलं तरी कुणी मरत नव्हतं. नगरमध्ये याला आणखी एक जोड होती. इथे चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र आणि शाळा, इथेच संरक्षण खात्याची व्हीआरडीई ही वाहन संशोधन संस्था. रणगाड्याच्या इंजिनावर हात बसलेला माणूस निवृत्त होऊन नगरमध्येच राहिला, तर गल्लीतल्या ट्रॅक्टरला त्याचा उपयोग व्हायचाच.

दोन हजार सालच्या आसपास धुराचे नियम कडक झाले, चार स्ट्रोकच्या मोटरसायकली स्वस्त झाल्या आणि लूना गेली. परत आली ती फेब्रुवारी २०२४ मध्ये, ई-लूना होऊन. त्याच फिरोदिया घराण्यातल्या सुलज्जा फिरोदिया मोटवानी यांच्या कायनेटिक ग्रीनने ती आणली, आणि तीही नगरमध्येच तयार होते. सुरुवातीच्या गाडीत दोन किलोवॅट-अवरची बॅटरी, म्हणजे विजेच्या बिलातले दोन युनिट, आणि त्यावर एकशेदहा किलोमीटर जाते असा कंपनीचा दावा. आकार ओळखीचा, पुढची मोकळी जागाही तीच, दुधाची किटली ठेवण्याजोगी. गायब काय झालं? प्लग, पॉइंट, जेट, रिंग, पिस्टन, सायलेन्सर. आमच्या उस्तादांचा सगळा अभ्यासक्रमच. सोबत बोअर मारून देणारा लेथवाला आणि टू-टी ऑइल विकणारा दुकानदारही.

ब्रेक, बेअरिंग, शॉक अब्सॉर्बर, टायर आणि वायरिंग मात्र राहिलं आहे, म्हणून जुना मिस्त्री अगदी निकामी झालेला नाही. पण गाडीची खरी किंमत ज्यात आहे ती बॅटरी सीलबंद पेटीत. तिच्या आत प्रत्येक सेलवर नजर ठेवणारी एक इलेक्ट्रॉनिक पाटी असते. एखादा सेल मागे पडला तर ती पाटी सगळी गाडी बंद करते. तेव्हा प्लग घासून उपयोग नाही, मल्टिमीटर लावून आणि लॅपटॉप जोडून बघावं लागतं. पेट्रोल गळालं तर नाकाला कळतं, विजेला वास नसतो. दुचाकीचं व्होल्टेज बेताचं असतं, पण मोटारीत ते तीनशे-चारशे आणि बसमध्ये त्याहून वर जातं. तिथे कामाला बसण्याआधी हातातली अंगठी आणि घड्याळ काढायचं, रबरी मोजे घालायचे, मधला सुरक्षा प्लग ओढून काही मिनिटं थांबायचं, मगच नारिंगी केबलला हात. कपॅसिटरमध्ये साठलेली वीज गाडी बंद केल्यावरही लगेच जात नाही. दुचाकीतही निसटलेला पाना बॅटरीच्या दोन टोकांवर आडवा पडला तर आग लागायला पुरेसं. २०२२ साली देशात ठिकठिकाणी विजेच्या स्कूटर पेटल्या, त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचं एआयएस-१५६ हे मानक कडक करण्यात आलं आणि डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालं.

थोडक्यात, बघून-बघून शिकायचे दिवस या गाडीपुरते संपले. हिला शिकवणारा माणूस आणि शिकवायची जागा मुद्दाम उभी करावी लागते. त्या दिशेने पाऊल पडलं आहे, हेही नोंदवायला हवं. मोटार मेकॅनिक, डिझेल मेकॅनिक या जुन्या ट्रेडच्या बरोबरीने आयटीआयच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात ‘मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल’ हा दोन वर्षांचा ट्रेड आला. दहावी पास मुलगा किंवा मुलगी तो घेऊ शकते. हेड उघडायला लागणारा मनगटाचा जोर इथे लागत नाही, त्यामुळे मुलींना आता बाहेर ठेवायला निमित्तही उरलेलं नाही.

माझं भांडण आहे ते पुढच्या पायरीशी. शिवाई एसटीने विकत घेतलेली नाही, कंत्राटावर घेतली आहे. किलोमीटरमागे दर ठरलेला, वाहक एसटीचा, चालक आणि देखभाल कंपनीची. हिशेबाच्या वहीत हे बरोबर दिसेल. बॅटरी खराब झाली तर तोटा महामंडळाच्या माथी येत नाही. पण त्याने डेपोच्या खड्ड्यातला कारागीर आणि नवी गाडी यांच्यात भिंत उभी राहिली. पूर्वी तोच खड्डा वर्षानुवर्षं नवी पोरं घडवत होता. आता ज्ञान कंपनीच्या माणसांबरोबर येतं आणि कंत्राट संपलं की त्यांच्याबरोबर जातं. दुचाकीतही तेच. बिघाड बॅटरीत असला की पेटी सर्व्हिस सेंटरला जाते, गल्लीतल्या मिस्त्रीने हात लावला तर वॉरंटी जाते. सुरक्षेसाठी ते ठीक, पण मग त्या मिस्त्रीला शिकवून परवाना देण्याची सोयही कंपन्यांनीच केली पाहिजे. राज्याच्या २०२५ च्या ई-वाहन धोरणाने २०३० पर्यंत नव्या वाहनांत तीस टक्के विजेची असावीत असं लक्ष्य ठेवलं आहे. एवढ्या गाड्या नुसत्या सर्व्हिस सेंटरवर चालणार नाहीत, पाथर्डी-जामखेडला तर नाहीतच.

ई-बसच्या प्रत्येक कंत्राटात एक कलम घालता येईल: ज्या डेपोतून बस सुटते, तिथले एसटीचे कारागीर आणि जवळच्या आयटीआयचे शिकाऊ उमेदवार देखभालीच्या कामावर घ्यायचेच. सुपा आणि नागापूरच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांनी बाद झालेल्या बॅटऱ्या, मोटर आणि कंट्रोलर भंगारात न घालता सुरक्षित करून आयटीआयला द्यावेत. त्यांना ते जड नाही. आणि ज्यांच्या घरी यंदा दहावी झालेलं पोर आहे त्यांना एक सांगणं. ‘ईव्ही’चा बोर्ड आता कुणीही लावतो. प्रवेशाची फी भरण्याआधी त्या संस्थेच्या वर्कशॉपमध्ये जाऊन या. तिथे चालती गाडी, उघडी करून ठेवलेली बॅटरी आणि मुलांच्या हातांच्या मापाचे रबरी मोजे दिसले तर प्रवेश घ्या. नुसता प्रोजेक्टर आणि भिंतीवरचे तक्ते दिसले तर दुसरी संस्था बघा.