शिंगराचा पहिला दिवस

आमच्या घरात पुस्तकांचे कपाट नाही; पत्र्याचा तबेला आहे. आजोबा स्टेशन ते गुलमंडी टांगा हाकीत. टांग्यांचे दिवस सरले, रिक्षा आल्या, तेव्हा बाबांनी माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून घोडी आणली आणि वरातीचा धंदा धरला. कॉलेजची पायरी चढणारी घरातली पहिली मीच.

गेल्या वर्षी राणी गाभण होती. घोडीचे दिवस सुमारे ११ महिन्यांचे. शेवटचे महिने नेमके लग्नसराईत आले. माझी फी भरायची होती, तरी बाबांनी एकाही वरातीचा इसार घेतला नाही. माय म्हणाली, "अन् पोरीचं कॉलेज?" बाबा म्हणाले, "दोन जिवांच्या बाईला कोणी वरातीत नाचवतं का?" फी उसनवारीवर भरली.

घोडी बहुधा रात्रीच विते. माणसांचा राबता असला, तर ती वेळ थोडी लांबवतेसुद्धा. म्हणून आम्ही दिवा मालवून दाराआड बसलो. पहाटे पुढचे दोन पाय आणि त्यांवर टेकलेले नाक दिसले. वीसेक मिनिटांत शिंगरू गवतावर आले. खुरांवर मऊ, ओलसर पापुद्रे होते. आईच्या पोटाला आतून इजा होऊ नये म्हणून ते असतात. चालू लागताच झिजून जातात.

पाय मात्र केवढे! जन्मतःच ते जवळजवळ आईच्या पायांइतके लांब. शिंगरू उठे, चारी पाय चार दिशांना जात, पुन्हा पडे. मी पुढे झाले, तर बाबांनी दंड धरला. "त्याचं त्याला उठू दे." तासाभरात शिंगराने उभे राहावे, दोन तासांत आचळ धरावे, तीन तासांत घोडीची वार पडावी, असा जाणत्यांचा हिशेब आहे.

ते उभे राहिले, पण आचळ सापडेना. भिंत चाटे, आईच्या पुढच्या पायांत तोंड खुपसे. माणसाच्या बाळाला रोगाशी झुंजण्याची शक्ती काही अंशी पोटातच मिळते. शिंगराला ती वारेतून मिळत नाही. ती पहिल्या चिकात असते, आणि एक दिवस उलटला की आतडे ती शोषून घेत नाही. दोन तास झाले. मग बाबांनी चीक पिळून बोटाला लावला आणि त्या बोटामागे शिंगराचे तोंड आचळापर्यंत नेले. चुटुचुटु आवाज आला, तसे बाबा मटकन खाली बसले.

आठवडाभरात त्याला पुढचे दात आले. मान आखूड, म्हणून गवताला तोंड लावताना ते पुढचे पाय फाकवी. आईची लीदही खाई. गवत पचवणारे जंतू त्यातून पोटात जातात. सहाव्या महिन्यात दूध तुटले.

उठू देणारे बाबाच दोन तासांनी बोट पुढे करतात, हे मला मोलाचे वाटते. आमच्यासारखी मुले इथवर आपल्या पायांनी येतात. पुढे ग्रंथालयातून पुस्तक कसे घ्यायचे, शिष्यवृत्तीचा अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा, एवढे मात्र कोणीतरी वेळेत दाखवावे लागते.