यावें कीं न यावें

परभणीच्या स्थानकावर देवगिरी गाडी सुटतांना हात हालवीत उभें राहणें हा आमच्या घरचा जुना परिपाठ आहे. आमची धाकटी बहीण विलायतेंत परिचारिका आहे. सुटी संपली म्हणजे ती याच गाडीनें मुंबईस जाऊन पुढें विमानानें जाते. सन २०२१ च्या एप्रिलांत तिनें दूरध्वनीवरून विचारलें, “दादा, आईचें दुखणें वाढलें आहे, मी येऊं का?” त्या प्रश्नाचें उत्तर देणें आम्हांस फार जड गेलें.

तो कोरोनाच्या महामारीचा काळ होता. २३ मार्च २०२० पासून परदेशचीं नियमित विमानें बंद झालीं होतीं. मे महिन्यांत ‘वंदे भारत’ मोहिमेनें अडकलेल्यांस आणण्यास आरंभ झाला व जुलैपासून कांहीं देशांशीं करार होऊन मोजकीं विमानें चालूं लागलीं. डिसेंबरांत इंग्लंडांत रोगाचा नवा प्रकार आढळतांच तिकडचीं विमानें पुन्हां जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत थांबलीं. तिकीट हातीं असलें म्हणजे प्रवास होतोच असें नाहीं, हें आम्हांस तेव्हां कळलें.

आम्हीं एका कागदावर दोन रकाने आंखले. थेट विमान महाग, पण गर्दी एकदांच. आखाताच्या मार्गानें दोनदां चढउतार व तिसऱ्या देशाचे निराळे नियम. विमानांतील हवा बारीक गाळण्यांतून वरचेवर शुद्ध होते. भय अधिक तें रांगांचें, प्रतीक्षालयाचें व पुढील रेल्वेचें. ७२ तासांच्या आंतील तपासणीचा दाखला जवळ असला, तरी वाटेंत जडणारा संसर्ग त्यांत कसा दिसावा? बहिणीच्या दोन्ही लसी झाल्या होत्या, आईची एकच.

इतक्यांत २३ एप्रिलपासून इंग्लंडनें भारताचें नांव तांबड्या यादींत घातलें. परतणाऱ्या रहिवाशास दहा दिवस हॉटेलांत अलग राहणें व त्यासाठीं १७५० पौंड भरणें प्राप्त झालें. पैशाची तजवीज झाली असती. परंतु तिच्या रुग्णांनीं काय करावें? आणि भेटावयास येऊन तिनेंच आईस रोग दिला तर? आम्हीं कळविलें, “येऊं नकोस.”

जुलैंत आई गेली. मुलीनें अंत्यविधि दूरध्वनीच्या पडद्यावर पाहिला. ८ ऑगस्टला भारताचें नांव त्या यादींतून निघालें.

२७ मार्च २०२२ ला नियमित विमानें सुरू झाल्यावर ती आली. आईच्या थडग्यापाशीं पुष्कळ वेळ बसून ती म्हणाली, “दादा, मीही तेंच ठरविलें असतें.” त्या शब्दांनीं आमचें मन कांहींसें हलकें झालें, पूर्ण झालें असें म्हणवत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांतील कित्येक उद्यां दूरदेशीं जाल. पुन्हां असा काळ आल्यास तिकिटाची किंमत पाहण्यापूर्वीं मार्ग, नियम व परतीची वाट पाहा. आणि ‘मी सुखरूप पोहोंचेन काय?’ इतकेंच न विचारतां, ‘ज्यांच्याजवळ मी जाणार, तीं माणसें सुखरूप राहतील काय?’ हेंही विचारा.