उलटे आटे

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी महिनाभर सचिनला होतो असे सांगितले की मित्र हसतात. एकाने तर ‘मग सही आणलीस का?’ असेही विचारले. तेव्हा आरंभीच खुलासा केलेला बरा. सचिन हे गाव आहे. मुंबईकडून सुरतेला जाताना नवसारी आणि मरोली मागे पडले की सचिनचे स्टेशन लागते. त्यापुढे भेस्तान, उधना आणि सुरत. जंजिऱ्याचे सिद्दी आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातून ठाऊक आहेत. त्यांच्याच घराण्यातील एका शाखेला १७९१ साली येथे राज्य मिळाले आणि ते छोटेसे संस्थान १९४८ पर्यंत टिकले. आज तेथे औद्योगिक वसाहत आहे. यंत्रमागांचा खडखडाट आणि डाइंग मिलांची धुराडी हीच गावाची ओळख. रस्त्याने चालताना गुजराती, हिंदी, उडिया आणि खानदेशची अहिराणी अशा चार भाषा कानावर पडतात.

या गावात माझ्या आजीच्या धाकट्या भावाचे, म्हणजे माझ्या मामाआजोबांचे, मोटार दुरुस्तीचे गॅरेज आहे. मूळचे सोलापूरचे. सोळाव्या वर्षी घर सोडून मुंबईला गेले, तेथे एका गॅरेजात हाताखाली राहिले आणि पुढे सचिनला स्थायिक झाले. आज त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. चष्म्याची काच जाड झाली आहे, पण बोली मात्र अजून सोलापूरचीच. मी बॅग खाली ठेवतो न ठेवतो तोच विचारले, ‘‘काय बे, इंजिनियर होणार म्हणे?’’

‘‘नाही आजोबा, बी.एस्सी. करतोय. फिजिक्स.’’

‘‘मग पाना धर. ते सगळं फिजिक्सच असतंय.’’

गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली १९५१ सालची एक डॉज किंग्जवे उभी होती. लांबरुंद, फिकट हिरवी, पुढे क्रोमची जाळी. सुरतेच्या एका शेठजींच्या वडिलांनी ती घेतली होती. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून पाणी सोडावे लागले, तापीला महापूर आला आणि सुरत शहराचा फार मोठा भाग बुडाला. तेव्हा ही गाडीही तीन दिवस पाण्यात होती. नंतर अनेक वर्षे ती नुसती उभी राहिली. आता शेठजींना ती पुन्हा चालती करायची होती.

या गाड्यांचा आणि आपल्या सोलापूरचा संबंध आहे हे मला तोवर माहीत नव्हते. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला. आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांना बंगळूरचा विमानांचा कारखाना ठाऊक असेल. १९४० साली तो याच गृहस्थांनी काढला. त्यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी स्थापन केली आणि अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी सहकार्य करून कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, डिसोटो आणि प्लिमथ गाड्या जोडायला आरंभ केला. मुंबईच्या रस्त्यांवर पुढे ज्या मोठ्या टॅक्सी धावल्या, त्यांत याच गाड्या होत्या. आजोबा त्यांच्यावरच हात चालवून कारागीर झाले.

पहिल्याच दिवशी मला डाव्या बाजूचे चाक काढायला सांगितले. पाना लावला, नेहमीच्या रीतीने डावीकडे जोर दिला, तोच आजोबा ओरडले, ‘‘थांब बे! उलटे आटे आहेत!’’ क्रायस्लरच्या त्या काळातील गाड्यांत उजव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट सरळ आट्यांचे असत आणि डाव्या बाजूचे उलट्या आट्यांचे. चाक पुढे फिरताना बोल्ट आपोआप सैल होऊ नयेत, हा हेतू. ज्याला हे ठाऊक नाही तो बोल्ट सोडवायचा म्हणून आवळत बसतो आणि शेवटी तो तोडतो. या गाडीचे दोन बोल्ट असेच कुणीतरी तोडलेले होते.

दुसरी गंमत विजेची. आजच्या गाड्यांत बॅटरी बारा व्होल्टची असते आणि तिचा निगेटिव्ह गाडीच्या सांगाड्याला जोडलेला असतो. येथे बॅटरी सहा व्होल्टची आणि सांगाड्याला पॉझिटिव्ह. सेल्फ मारला की इंजिन आळसावून फिरे. बॅटरी नवी, तरी हा प्रकार. येथे माझे फिजिक्स कामास आले. व्होल्ट निम्मे झाले की तेवढ्याच कामाला प्रवाह दुप्पट लागतो, आणि दुप्पट प्रवाहाला जाड तार हवी. मधल्या काळात कुणीतरी बारा व्होल्टच्या गाडीची बारीक केबल टाकली होती. मी मोठ्या ऐटीने कागदावर हिशेब मांडून दाखवला. आजोबांनी सेल्फ मारायला लावला, केबलवर हात ठेवला आणि म्हणाले, ‘‘गरम झाली. म्हणजे बारीक.’’ जाड केबल घातली आणि इंजिन पहिल्या दमात उठले.

पण खरे दुखणे पुढेच होते. सचिनहून पलसाण्याच्या रस्त्याला चार-पाच मैल गेले की पाणी उकळे. रेडिएटर साफ केला, वॉटर बॉडी (मेकॅनिक पाण्याच्या पंपाला हेच म्हणतात) बदलली, तरी तेच. शेठजींचा पुतण्या कंटाळला. हुशार आणि व्यवहारी मुलगा. तो म्हणाला, ‘‘काका, आजोबांचा वेळ आणि आपला पैसा दोन्ही वाया चाललेत. हे इंजिन काढा, डिझेल बसवा. रोज चालेल.’’

त्याचे म्हणणे वेडगळ नव्हते. १९७३ नंतर पेट्रोल कडाडले, तेव्हा आपल्या देशात कितीतरी अमेरिकन गाड्यांना डिझेलची इंजिने बसली आणि त्यावर अनेक टॅक्सीवाल्यांची पोटे भरली. आजोबांनी स्वतः तशी कामे केली होती. त्यामुळे त्यात काय काय कापावे लागते हेही त्यांना पक्के माहीत होते. इंजिन टेकवण्याच्या जागा बदलतात, गिअरबॉक्स बदलतो, चासीला कटर लागतो. ‘‘एकदा कापली की परत जोडणारा कुणी नाही,’’ एवढेच ते बोलले.

मी शेठजींना २०२१ चा केंद्र सरकारचा नियम वाचून दाखवला. पन्नास वर्षांहून जुनी गाडी मूळ स्वरूपात राखलेली असेल, तिच्या चासीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला नसेल, तर तिची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. पुतण्याने शेवटचे वाक्य पकडले, शेठजींनी पहिले. अखेर त्यांनी पंधरा दिवसांची मुदत दिली. तेवढ्यात पाणी थंड राहिले नाही तर डिझेल.

त्या रात्री आजोबा नीट जेवले नाहीत. सकाळी इंजिन चालू करून त्यांनी तांब्यात पाणी घेतले आणि बोटांनी इंजिनच्या हेडवर शिंपडत गेले. पुढच्या बाजूला थेंब नुसते ओघळले. मागच्या दोन सिलिंडरांवर ते तडतडून नाचू लागले. आजोबांचा चेहरा उजळला. ‘‘आतली नळी गेली,’’ ते म्हणाले.

या सहा सिलिंडरी इंजिनात पंपाच्या मागे एक चपटी, लांब नळी असते. ती जवळजवळ इंजिनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते. तिला ठराविक जागी भोके असतात आणि थंड पाणी थेट एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या जवळ, जेथे ताप सर्वांत अधिक, तेथे पोहोचते. नळी गंजली की पाणी पुढेच सांडते आणि मागचे सिलिंडर तहानलेले राहतात. बाहेरून काहीच दिसत नाही. आम्ही रेडिएटर आणि पंप काढला, आकडा घालून नळी ओढली. ती तुकड्या-तुकड्यांनी आली. गुजराती वर्तमानपत्रावर ते तुकडे क्रमाने मांडले, तेव्हा उत्खननातली हाडे मांडावीत तसे दिसले. मागच्या बाजूचा भाग तर नुसते तांबडे भुसकट झाला होता.

मुंबईच्या चोरबाजारात फोन झाले. नळी नव्हती. तेव्हा आजोबांनी हेड उघडले. मी कॅलिपरने एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हपासून दुसऱ्यापर्यंतची अंतरे मोजली आणि उरलेल्या तुकड्यांवरची भोके त्यांच्याशी जुळवून हरवलेल्या भोकांच्या जागा काढल्या. डाइंग मिलच्या यंत्रांचे पत्रे वाकवणारा एक कारागीर शेजारीच होता. त्याने पितळी पत्रा लोखंडी पट्टीवर ठोकून चपटी नळी केली. पहिली नळी किंचित जाड झाली, आत शिरेना. दुसरी वाकली. तिसरी हाताने सरकवली आणि ती तलवार म्यानात जावी तशी गेली.

मे महिन्यातल्या भर दुपारी आम्ही चौघे पलसाण्यापर्यंत गेलो आणि न थांबता परत आलो. काटा मध्यावरून हलला नाही. गॅरेजपाशी उतरल्यावर शेठजींनी बॉनेटवर हात ठेवला आणि एवढेच म्हणाले, ‘‘एंजिन ए ज राखो.’’ इंजिन हेच ठेवा. पुतण्याने मात्र स्टिअरिंगखालचा गिअर कसा टाकायचा ते आजोबांकडून शिकून घेतले.

अमेरिकेत जुन्या गाड्या राखण्याचे शास्त्रच झाले आहे. १९६४ च्या पॉन्टियॅक जीटीओपासून तेथे ‘मसल कार’ नावाच्या दांडग्या गाड्यांचे युग आले. आज त्यांचे शौकीन इंजिनच्या ओतीव भागावर कोरलेली तारीखसुद्धा गाडीच्या तारखेशी जुळते की नाही ते तपासतात. १९६७च्या मस्टँगची तर संपूर्ण नवी बॉडी विकत मिळते. आपल्याकडे असा कॅटलॉग नाही. मी आजोबांना विचारले, ‘‘मग सचिनमध्ये केलेली पितळी नळी अस्सल म्हणायची का?’’

ते म्हणाले, ‘‘कंपनीची नळी लोखंडी होती, म्हणून सडली. ही पितळी आहे. पण जागा तीच, काम तेच. उद्या कुणाला खरी मिळाली तर ही ओढून काढायची नि ती घालायची. गाडीला ओरखडाही येणार नाही.’’

त्यांची कसोटी मला पटली. ब्रेकच्या बाबतीत ते जुन्याचा हट्ट धरत नाहीत. रबरी होज नवे, लायनिंग ॲस्बेस्टॉस नसलेले. २०२५ पर्यंत आपल्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आले. ते जुन्या रबराला सोसत नाही, म्हणून पेट्रोल पंपाचा पडदाही आजच्या रबराचा. पण यातले काहीही परत फिरवता येते. पुढच्या माणसाला मागे जाण्याची वाट बुजवायची नाही, एवढाच त्यांचा नियम आहे.

आणि हा पुढचा माणूस कोण, हीच खरी काळजी. आजोबांचा मुलगा हिऱ्याच्या कारखान्यात आहे. तेथे पगार बरा, त्याला दोष कसा द्यावा? हाताखालचा नंदुरबारकडचा मुलगा संगणकाची वायर लावून नव्या गाडीचा दोष दोन मिनिटांत सांगतो, पण डॉजला वायर लावायला जागाच नाही. आजोबांनी साठ वर्षांत एक ओळ लिहून ठेवलेली नाही. म्हणून उरलेले दिवस रोज संध्याकाळी मी वही घेऊन बसलो. नळीच्या भोकांची अंतरे, केबलची जाडी, प्लॅटिनमची गॅप वीस थाऊ, सगळे मराठीत, आकृत्यांसह. आजोबा सांगत आणि तो मुलगा माझ्या आकृत्यांतल्या चुका काढी.

निघण्याच्या आदल्या दिवशी वही त्याच्या हवाली केली. त्याने ती चाळली, मग पेन मागितले आणि पहिल्या कोऱ्या पानावर आपल्या अक्षरात लिहिले : ‘डाव्या चाकांचे बोल्ट उलटे. जोर लावण्याआधी बघणे.’