बॅटरी बदलण्याआधी

आमच्याकडे येणारा रुग्ण बहुतेक वेळा निदान सोबत घेऊनच येतो. "अंगात रगत कमी आहे जी, टॉनिक लिहून द्या." जुन्या गाडीचा मालकही गॅरेजमध्ये असाच जातो. "बॅटरी गेली, नवी टाका." कधी कधी दोघांचंही बरोबर असतं. नसेल तेव्हा मात्र दोघंही तीच वस्तू पुन्हा पुन्हा विकत घेत राहतात. आज आधी गाडीबद्दल सांगतो, मग रक्ताकडे येतो.

माझ्याकडे एक जुनी डिझेल जीप आहे. वयाने ती साधारण गडचिरोली जिल्ह्याएवढी. हा जिल्हा चंद्रपुरातून १९८२ साली वेगळा झाला. मागच्या मालकाने दोन वर्षांत तिच्या दोन बॅटऱ्या आणि एक सेल्फ बदलला होता, पण आजार गेला नव्हता. सकाळी ती बिनतक्रार चालू व्हायची. वीस-पंचवीस किलोमीटर जाऊन बंद केली की पुन्हा चावी फिरवल्यावर फक्त ‘टक’. म्हणून ती नेहमी उतारावर उभी करायची. आलापल्लीहून भामरागडच्या रस्त्याला लागलं की गॅरेज विरळ होतात आणि मोबाईलची रेंजही भरवशाची नसते. मागच्या सीटवर कळा येणारी बाई असताना ‘टक’ ऐकणं परवडत नाही.

आमच्या मिस्त्रींनी पाना उचलण्याआधी प्रश्न विचारले. थंड असताना होते की गरम? आवाज कसा येतो? तेव्हा दिवे मंद होतात का? डॉक्टर याला हिस्ट्री म्हणतात. गाडीचं निम्मं निदान आवाजातूनच होतं, तेही सांगतो.

चावी फिरवल्यावर काहीच आवाज नसेल, तर चावीचा स्विच किंवा सोलेनॉइडला जाणारी बारीक वायर पाहावी. भराभर ‘टकटकटक’ झालं, तर बहुधा बॅटरी उतरलेली असते किंवा टर्मिनल सैल असतं. सोलेनॉइड ओढला जातो, तेवढ्यात व्होल्टेज कोसळतं, तो सुटतो आणि पुन्हा ओढला जातो. एकच दमदार ‘टक’ आला आणि इंजिन फिरलं नाही, तर सोलेनॉइड काम करतोय, पण जाड वायरीतला मोठा करंट सेल्फमध्ये नीट फिरत नाही. इंजिन नेहमीच्या वेगाने फिरतं पण पेट घेत नाही, तर सेल्फ निर्दोष आहे. डिझेल, पाइपातली हवा, हीटर प्लग इकडे वळावं.

मिस्त्रींनी हेडलाइट लावून चावी फिरवायला सांगितली. ‘टक’ झालं, दिवे जवळजवळ तसेच राहिले. "बॅटरी तं चांगली आहे जी साहेब. कमजोरी रस्त्यात आहे," ते म्हणाले. बॅटरी कमजोर असती, तर दिवे विझायला आले असते.

मग मल्टिमीटर आला. गाडी उभी असताना बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. एवढ्यावर थांबलं असतं, तर रिपोर्ट ‘नॉर्मल’. पण त्यांनी मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी थेट इंजिनच्या धातूला लावली आणि चावी फिरवायला लावली. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी दिसायला हवं. काटा चारच्या पुढे गेला. इंजिन आणि चासीला जोडणारी अर्थिंगची पट्टी बोल्टखाली हिरवी पडली होती, वरून चिखल आणि रंग.

हिशेब साधा आहे. सेल्फला २०० अँपिअर लागतात असं धरा. वाटेत ओहमचा शंभरावा भाग एवढा अडथळा असला, तरी २ व्होल्ट तिथेच खर्च होतात. दिव्याला चार-पाच अँपिअर पुरतात, म्हणून दिवा तक्रार करत नाही. दोष भार पडल्यावरच दिसतो. पॉलिश पेपर, नवा बोल्ट आणि अर्धा तास एवढ्यात जीप बरी झाली.

बॅटरीजवळ काम करताना जपा. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. ठिणगी पडली तर ती फुटू शकते. अंगठी, कडं काढून ठेवा, बिडी लांब ठेवा. काम करताना निगेटिव्ह आधी सोडा आणि शेवटी जोडा. ॲसिड डोळ्यात गेलं, तर लगेच स्वच्छ पाण्याने किमान वीस मिनिटं डोळा धुवा आणि मग दवाखाना गाठा. सोडा किंवा चुना डोळ्यात घालू नका.

आता रक्त. ‘हिमोग्लोबिन कमी’ हे ‘गाडी चालू होत नाही’ यासारखंच आहे. ती तक्रार झाली, कारण अजून शोधायचंय. लोह किंवा फॉलिक ॲसिड कमी असेल, तर रक्त बनतच नाही. जंत किंवा पाळीत जास्त जाणारं रक्त असेल, तर बनलेलं गळून जातं. सिकलसेलमध्ये पेशी विळ्यासारख्या वाकून लवकर फुटतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा ते वीस दिवसच. फुटलेल्या पेशीतलं लोह बरंचसं शरीरातच राहतं. त्यामुळे फक्त लोहाच्या गोळ्या वाढवत नेणं म्हणजे तिसरी बॅटरी घेणं.

इथेही दोष भाराखाली उघडा पडतो. हिवाळ्यात घरची कामं करणारी मुलगी ठीक दिसते. मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या हंगामात पहाटेपासून रानात, ऊन पंचेचाळीसच्या घरात, पाणी कमी. आणि तिचे हातपाय असह्य ठणकायला लागतात. तिला वेदनाशामक, भरपूर पाणी आणि दवाखाना लागतो. टॉनिकच्या बाटलीने ते भागत नाही.

चंद्रपूर आणि गडचिरोलीत सिकलसेल बऱ्याच कुटुंबांत आहे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात चाळीस वर्षांपर्यंतच्या सर्वांची तपासणी करायची आहे. सोल्युबिलिटी ही सोपी चाचणी पॉझिटिव्ह आली, तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने खात्री करून घ्या; माणूस फक्त वाहक आहे की रुग्ण, हे त्यातूनच कळतं. लग्न ठरवताना दोघांचेही रिपोर्ट पाहा. चालू असलेल्या लोहाच्या गोळ्या, विशेषतः गरोदरपणात, मनाने बंद करू नका. दोन-तीन महिने नीट घेऊनही रक्त वाढत नसेल, तर डॉक्टरांना एवढंच विचारा: "माझं रक्त कशामुळे कमी आहे?"