ओळख घरची, दाम कामाचा

मैत्रिणींनो, घरबसल्या करायच्या कामांची यादी आता पापड-लोणची, शिवणकाम आणि शिकवण्यांपाशी थांबत नाही. तुमच्यापैकी कित्येकींनी लग्नाआधी कॉम्प्युटरचं शिक्षण घेतलेलं असेल. कुणी मुलं शाळेत जायला लागल्यावर एखादा कोर्स केला असेल. वेबसाइट बनवता येते, घरात लॅपटॉप आहे, दुपारचे तीन-चार तास हाताशी आहेत. अडतं ते एकाच ठिकाणी. गिऱ्हाईक कुठून आणायचं? पापडाची पाकिटं दुकानात नेऊन ठेवता येतात, वेबसाइट कुणाच्या दारात नेऊन दाखवायची? मी हे काम सांगलीत घरातून करते आणि हा प्रश्न मला इतक्या जणी विचारतात, की म्हटलं, एकदा सविस्तर लिहूनच टाकावं.

आधी माझ्याविषयी थोडं सांगते. लग्नापूर्वी मी पुण्यात एका लहानशा कंपनीत हेच काम करत होते. सांगलीला आले आणि ते सुटलं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच प्रश्न, ‘आयर्विनला किती फूट झालं?’ बाजारपेठेतलं ह्यांचं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान पाण्यात गेलं. गणपतीसाठी भरलेल्या दिव्यांच्या माळा चिखलातून उपसून टाकाव्या लागल्या. दुकान कसंबसं उभं राहतंय, तोच मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. कर्जाचा हप्ता काही थांबत नव्हता, मुलीची फी थांबत नव्हती. तेव्हा मी लॅपटॉप उघडला तो वेळ जावा म्हणून नव्हे. दरमहा ठरावीक रक्कम घरात यायलाच हवी होती. म्हणून गिऱ्हाईक शोधण्याचा विचार मला अगदी वाण्याच्या हिशेबासारखा करावा लागला.

पहिली गोष्ट, जाहिरात करू नका. निदान सुरुवातीला तरी नको. एक वही घ्या आणि आपलं घर महिन्याभरात कुणाकुणाला पैसे देतं, त्यांची यादी करा. किराणावाले, दूधवाले, मुलांचे डॉक्टर, दाताचे डॉक्टर, क्लासचे सर, योगवर्गाच्या बाई, मंगल कार्यालयवाले, केटरर. ही सगळी धंदा करणारी माणसं आहेत आणि तुम्हाला नावानं ओळखतात. लिज्जत पापडाची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. १९५९ साली मुंबईत गिरगावातल्या सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि विकायला नेले ते ओळखीच्या व्यापाऱ्याकडेच. पहिलं गिऱ्हाईक बहुतेकदा असंच, हाकेच्या अंतरावर असतं.

या यादीत आणखी तीन नावं आवर्जून घाला. एक तुमच्या घराचा हिशेब पाहणारे सीए, दुसरे छापखानेवाले आणि तिसरे दुकानांच्या पाट्या करणारे. का, सांगते. नवा धंदा काढणारा माणूस सगळ्यात आधी या तिघांकडे जातो. दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया आली की दुकानांची उद्घाटनं होतात. त्याच्या महिनाभर आधी छापखान्यात पत्रिका आणि व्हिजिटिंग कार्डं छापायला पडलेली असतात. छापखानेवाल्यांनी ‘कार्डावर वेबसाइटचा पत्ता टाकायचाय का?’ एवढं एकच वाक्य बोललं, तरी तुमचं काम झालं. माझी पहिल्या वर्षातली तीन कामं अशीच आली.

आता प्रत्यक्ष भेटीला काय बोलायचं? होस्टिंग, डोमेन, रिस्पॉन्सिव्ह असले शब्द घरी ठेवून जा. जाण्यापूर्वी आपल्या मोबाइलवर त्यांच्या दुकानाचं नाव टाकून पाहा. गूगलच्या नकाशावर फोन नंबर जुना असतो, वेळ चुकीची असते, फोटो कुणा गिऱ्हाइकानं काढलेला, अंधारातला असतो. तो मोबाइल त्यांच्या हातात द्या आणि म्हणा, ‘काका, बाहेरगावच्या माणसाला तुमचं दुकान असं दिसतं.’ बाकी फार बोलावं लागत नाही. मग विचारा, दिवसातून किती जण तेच-तेच विचारायला फोन करतात? दर काय, जागा कुठे, रविवारी चालू का? ही सगळी उत्तरं एका पानावर मांडून ठेवणं म्हणजे वेबसाइट, असं सांगितलं की समोरच्याला पटकन कळतं. डोमेन म्हणजे दुकानाचा पत्ता आणि होस्टिंग म्हणजे जागेचं भाडं, दोन्ही दरवर्षी भरावं लागतं, हेही त्याच भेटीत सांगून टाका.

आणि एखाद्याला वेबसाइटची गरज नसेल, तर तसं स्पष्ट सांगा. तुम्ही म्हणाल, आलेलं गिऱ्हाईक घालवायचं? ऐका तर. तासगावचे एक बेदाण्याचे व्यापारी माझ्याकडे आले होते. त्यांचा सगळा माल सौद्यात, ठोक भावानं जातो, घेणारे व्यापारी वर्षानुवर्षांचे. मी म्हटलं, ‘तुम्हाला वेबसाइट लागत नाही. गूगलवरची तुमची नोंद दुरुस्त करू आणि व्हॉट्सॲप बिझनेसवर मालाचे फोटो लावू, तेवढं पुरे.’ दोन्ही सोयी फुकट मिळतात, मी फक्त माझ्या चार तासांचे पैसे घेतले. पंधरा दिवसांत त्यांनी आपल्या मेहुण्यांना माझा नंबर दिला. त्यांचं कोकणात समुद्राजवळ राहण्या-जेवणाची सोय असलेलं घर आहे. बुकिंग घेणाऱ्या कंपन्यांना प्रत्येक खोलीमागे कमिशन द्यावं लागे. पाहुण्यांनी थेट फोन करावा म्हणून त्यांना स्वतःची वेबसाइट खरोखरच हवी होती. ते काम त्या वर्षातलं माझं सर्वांत मोठं काम ठरलं.

हे झालं काम मिळण्याचं. खरी अडचण पुढे आहे आणि मला तुमच्याशी बोलायचंय ते मुख्यतः त्याविषयीच. ओळखीतून काम येतं, तसं ओळखीतूनच ‘पैशांचं काय एवढं!’ हेही येतं. आपण बायकांनी घरातून केलेल्या कामाला किंमत लावायची सवय ना लोकांना असते, ना आपल्याला.

ह्यांचे मावसभाऊ दाताचे डॉक्टर. मिरजेला दवाखाना काढत होते. एका रविवारी आले आणि म्हणाले, ‘वहिनी, वेबसाइटचं बघा ना जरा. आपलं घरचंच काम आहे.’ मी वही घेऊन बसले. काय-काय हवं ते नीट लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी कोटेशन पाठवलं. संध्याकाळी भाऊजी हसतहसत घरी हजर. ‘वहिनी, मलासुद्धा बिल?’

मी चहा पुढे ठेवला आणि म्हटलं, ‘भाऊजी, दवाखान्यातली ती मोठी खुर्ची घेतलीत, तिचे पैसे दिलेत ना? पाटी करणाऱ्याला दिलेत ना? हीही पाटीच आहे. फक्त रस्त्यावर नाही, मोबाइलवर लागते.’

क्षणभर कुणी काही बोललं नाही. ह्यांनी वर्तमानपत्रात डोकं घातलं. मग सासूबाई माजघरातून म्हणाल्या, ‘चाळीस वर्षं ब्लाऊज शिवले मी. दोऱ्याचे, अस्तराचे पैसे सगळ्या देतात. हाताचे द्यायचे म्हटले की जड जातं. तिचे हाताचे पैसे आहेत ते.’

भाऊजींनी आठवडाभर विचार केला आणि निम्मी रक्कम पाठवून दिली. पुढे त्यांच्याच ओळखीनं मिरजेतले आणखी दोन डॉक्टर आले आणि दोघांनीही दर ऐकून मान डोलावली. कारण पहिल्यानं किती दिले, हे त्यांना ठाऊक होतं. सगळ्यांच्या बाबतीत असं गोड घडतंच, असं मात्र नाही. दुसऱ्या एका नातेवाइकांनी माझं कोटेशन पाहून काम बाहेर दिलं. आजही लग्नकार्यात भेटतात, बोलतात, वाढताना जिलबीचा आग्रहही करतात. दर सांगितल्यानं नातं तुटत नाही. उलट फुकट केलेल्या कामाच्या विसाव्या दुरुस्तीला मनात जी अढी बसते, तिच्यानं ते आंबतं.

दर ठरवायचा कसा? साधा हिशेब आहे. लहानशा पाच पानांच्या वेबसाइटला रोज चार तासांप्रमाणे सहा दिवस लागले, तर ते २४ तास झाले. भेटी, फोन, दुरुस्त्या यांचे आणखी १२ धरा. असे ३६ तास. आपल्या तासाचे ४०० रुपये धरले, तर १४,४०० रुपये होतात. तासाचा आकडा तुमच्या गावाप्रमाणे आणि अनुभवाप्रमाणे वेगळा असेल, पण भेटी-फोनचे ते १२ तास विसरू नका. घरचे लोक ते तास धरतच नाहीत. घासाघीस झालीच, तर दर पाडण्याऐवजी काम कमी करा. पाचाऐवजी तीन पानं, म्हणजे तुमच्या तासाची किंमत तीच राहते.

कोटेशन लेखीच द्या, मग समोर सख्खा भाऊ का असेना. त्यात पानं किती, दुरुस्त्या किती वेळा करून मिळतील, मजकूर आणि फोटो कुणी आणि कधीपर्यंत द्यायचे, हे सगळं येऊ द्या. निम्मी रक्कम विसार म्हणून आधी घ्या. पत्ता, म्हणजे डोमेन, गिऱ्हाइकाच्याच नावावर आणि त्याच्याच ईमेलवर नोंदवा. त्याच्या दुकानाची किल्ली आपल्या कमरेला ठेवायची नसते. आणि शेवटी वर्षभराच्या देखभालीची वेगळी रक्कम लिहा. दर बदलणं, नवे फोटो लावणं, सुट्ट्या टाकणं ही कामं वर्षभर निघतात. मला महिन्याचा ठरावीक पैसा मिळाला तो या देखभालीतून. नव्या वेबसाइटा कधी येतात, कधी महिनाभर एकही येत नाही.

सरकारी बाजूही घाबरण्यासारखी नाही. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून ऑनलाइन होते, आधारवर होते आणि तिला एक पैसाही लागत नाही. कुणी त्यासाठी फी मागितली तर समजून घ्या, तो मधला माणूस आहे. नोंदणी असली की २००६ च्या लघुउद्योगांच्या कायद्याचा आधार मिळतो. लेखी करार असला, तरी खरेदीदारानं काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायला हवेत, असं तो कायदा सांगतो. आपल्यासारख्या सेवा देणाऱ्यांना महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेपर्यंत सहसा जीएसटीची नोंदणी लागत नाही. आपल्या सीएंना एकदा विचारून घ्या, ते तुमच्या यादीत आहेतच.

आता आपल्या हातातल्या एका मोठ्या गुणाबद्दल. तो म्हणजे चांगलं मराठी. गावोगावच्या शाळा, पतसंस्था, वाचनालयं यांच्याकडे वर्षानुवर्षांचा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून ठेवलेला असतो. तो जसाच्या तसा वेबसाइटवर टाकला, की अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसतात. तो युनिकोडमध्ये आणून, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व-दीर्घ तपासून लावणारं माणूस सहज सापडत नाही. शाळेत शुद्धलेखनाला पैकीच्या पैकी मिळवणारी तुमच्यातली कुणी असेल, तर तिनं हे काम जरूर धरावं. शिवाय २०१४ पासून ‘.भारत’ असा देवनागरीतला पत्ताही घेता येतो. संस्थेच्या मंडळींना आपलं नाव मराठीत लिहिलेलं दाखवा, त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात.

इंटरनेटवर परगावची, परदेशची कामं मिळवून देणारी ठिकाणंही आहेत. ती मोबदल्यातून आपला हिस्सा कापून घेतात आणि तिथे एकेका कामावर शेकडो जणांची उडी असते. हातात दाखवण्यासारख्या चार-पाच वेबसाइटा झाल्या, की तिकडे वळा. पण एक गाठ पक्की बांधा. काम देण्यासाठी जो आधी तुमच्याकडूनच पैसे मागतो, तो काम देणारा नव्हे. आणि यूपीआयवर पैसे मिळण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, तो फक्त देण्यासाठी लागतो. ‘ॲडव्हान्स पाठवतोय, पिन टाका’ असं कुणी म्हणालं, की फोन ठेवून द्या.

आज ह्यांचं दुकान पुन्हा नीट चालतंय. हप्ता फिटला. माझं काम मात्र मी थांबवलेलं नाही आणि थांबवावं असं घरात कुणी सुचवतही नाही. सासूबाई शेजारणींना सांगतात, ‘अकरा ते चार सूनबाईचं ऑफिस असतं, चारनंतर या.’

तर आज जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, की वही काढा आणि दहा नावं लिहा. उद्या त्यातल्या एकाच्या दुकानाची नोंद मोबाइलवर पाहून ठेवा आणि परवा किराणा आणायला जाल, तेव्हा विषय काढा. दर आधीच मनाशी पक्का करून जा. विचारला की चटकन सांगता आला पाहिजे. आणि सांगितल्यावर, बायांनो, ‘तसं तुम्ही म्हणाल ते द्या’ हे शेपूट त्याला मुळीच जोडू नका!